कंटेनर तुमचा, तर कागदावरही नाव तुमचं हवं

प्रति,
परदेशात फळं पाठवणाऱ्या, नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी न्हावा शेव्याला एका कस्टम ब्रोकरकडे कागदपत्रांचं काम करतो. बावीस वर्षं झाली. गाव निफाड तालुक्यातलं. घरी अजून अडीच एकर थॉमसन द्राक्षं आहेत, धाकटा भाऊ बघतो. जो माल मी दिवसभर कागदावर पाहतो, तो वेलीवर असताना कसा दिसतो आणि त्याच्यासाठी किती रात्री जागाव्या लागतात, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय.

गेल्या मार्चमध्ये तुमच्यापैकीच एका कंपनीच्या संचालक ताई आमच्या ऑफिसात आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये तीन कंटेनरचे कागद आणि सगळ्यात वर हॉलंडहून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब. पट्टी पाहूनच त्या घरून निघाल्या होत्या. धरलेल्या हिशेबाच्या निम्मीही रक्कम नव्हती. मी बी.एल. काढून त्यांच्यापुढे ठेवलं. बी.एल. म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने माल ताब्यात घेतल्याचा कागद. ताईंनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत एकेक ओळ वाचली आणि विचारलं, "यात आमचं नाव कुठंय हो दादा?"

नव्हतं. माल पाठवणारा म्हणून एका फॉरवर्डरचं, म्हणजे जहाजात जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं नाव, माल घेणारा म्हणून त्याच्याच तिकडच्या एजंटचं. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे भरायच्या कागदावर, तिसऱ्याच निर्यातदाराचं. एकेक कंटेनर तेरा टनांचा, असे तीन कंटेनर, पस्तीस-चाळीस सभासदांच्या बागांतून उतरवलेला माल, आणि कंपनीचं नाव फक्त पॅकहाऊसच्या वजनाच्या चिठ्ठीवर. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीत, बागांचे नोंदणी क्रमांक मात्र चोख होते. म्हणजे औषधाचा अंश सापडला असता तर कुणाची बाग, हे दहा मिनिटांत सांगता आलं असतं. पैसे अडकले तेव्हा कुणाचा माल, हे कागदावरून सांगता येत नव्हतं.

जे बांधावर सौदा करून, रोख पैसे मोजून घेऊन माल देतात त्यांच्यासाठी हे पत्र नाही. त्यांचा व्यवहार बांधावर संपला. पण ज्यांचा माल 'कन्साइनमेंट'वर जातो, म्हणजे थोडी उचल आज आणि बाकीचे तिकडे विकल्यावर, त्यांचा माल तिकडच्या गोदामात विकला जाईपर्यंत त्यांचाच असतो. भाव पडला, जहाज उशिरा पोचलं, देठ तपकिरी झाले, की सगळं पट्टीतून वजा होतं. जोखीम शेवटपर्यंत तुमची आणि कागद पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचे, ही गोष्ट मला बावीस वर्षं खुपते आहे.

सुरुवात कंटेनरपासून करतो, कारण पहिला गैरसमज तिथेच आहे. रिफर, म्हणजे थंडाव्याचं मशीन असलेला कंटेनर, हे फिरतं शीतगृह आहे असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. रिफर गरम माल थंड करत नाही. आधी थंड झालेला माल तो थंड राखतो, एवढंच त्याचं काम. द्राक्षाच्या मण्याचा गाभा प्रीकूलिंगमध्ये शून्याच्या जवळ आणायचा आणि मगच भरायचा. कटिंग लांबलं, वीज गेली, ट्रेलर दारात उभा आहे म्हणून पाच-सहा डिग्रीचा माल चढवला, तर मशीन चालू राहतं, सेटिंगला शून्य दिसत राहतं आणि मधल्या पॅलेटचा गाभा कितीतरी दिवस गरमच राहतो. मशीनच्या पडद्यावर दोन आकडे बघायला मिळतात. एक आत सोडलेल्या हवेचा, दुसरा मालातून फिरून परत आलेल्या हवेचा. ड्रायव्हर पहिला बघून समाधानी होतो. तुमचा माणूस तिथे उभा असेल तर त्याला दुसरा बघायला सांगा. दोन्हींत मोठा फरक राहत असेल तर आत गरम माल भरला गेलाय.

थंड हवा खालून येते. कंटेनरच्या तळाला ॲल्युमिनियमच्या टी आकाराच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधल्या फटींतून हवा पार दारापर्यंत जाते, बॉक्सच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून मागे फिरते. म्हणून आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला लाल रेघ असते. त्या रेघेच्या वर बॉक्स चढवायचा नाही. चार बॉक्स जादा बसवण्याच्या नादात हवेचा परतीचा रस्ता बुजतो आणि तेरा टन माल गुदमरतो. शेतात पाणी बारे धरून फिरवतात ना, तसंच समजा. एका बाऱ्यावर माती पडली की पुढचं सगळं वावर कोरडं.

रिकामा कंटेनर यार्डातून उचलताना त्याची तपासणी झाल्याचं पी.टी.आय.चं स्टिकर बघतात. ते बघाच, पण दार उघडून आत जाऊन उभंही राहा. आधीच्या खेपेला मासळी गेली असेल तर वास येतो. दाराचं रबर कुठे फाटलंय का, खालची पाणी जायची भोकं बुजलीत का, हे डोळ्यांना दिसतं. फेब्रुवारीतल्या एका रात्री मी एकाच यार्डात लागोपाठ तीन कंटेनर परत केले होते. यार्डवाला वैतागला, ट्रेलरवाल्याने शिव्या घातल्या, चौथा कंटेनर चांगला मिळाला. तो माल कुणाचा होता, ते बागायतदार मी कधी पाहिले नाहीत. पण चांगला फॉरवर्डर, चांगला ब्रोकर काय करतो हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं. या धंद्यात रात्र-रात्र जागून दुसऱ्याचा माल आपला समजणारी माणसं खूप आहेत. तुमच्या एक-दोन कंटेनरला जहाज कंपनी थेट दारात उभं करणार नाही. फॉरवर्डर शंभर जणांचा माल एकत्र दाखवून जागा मिळवतो, डिसेंबरातच रिफर बांधून ठेवतो, जहाज चुकलं तर दुसऱ्यात बसवतो. त्याच्याशिवाय हे काम होणार नाही, हे मी मनापासून मानतो. माझं म्हणणं एवढंच, की तो तुमच्या वतीने काम करतोय हे कागदावर दिसलं पाहिजे.

पिंपळगावहून ट्रेलर निघतो. कंटेनरला जनसेट, म्हणजे जनरेटर, लावलेला असतो, त्यावर मशीन चालतं. कसारा घाट उतरून, पडघा, कळंबोली करत तो करळ फाट्याला येतो. त्याच वेळी इकडे आमच्या टेबलावर कागदांचा दुसरा प्रवास चालू असतो. कस्टमच्या आइसगेटवर शिपिंग बिल, कीडरोगमुक्ततेचा फायटोसॅनिटरी दाखला, ॲगमार्कचा दाखला, भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन. हे वजन १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. ते दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. सील तपासून, कागद पाहून कस्टमचा अधिकारी माल बाहेर न्यायची परवानगी देतो, तिला आम्ही एल.ई.ओ. म्हणतो. मग टर्मिनलच्या गेटसाठी फॉर्म थर्टीन. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, आज तिथे पाच कंटेनर टर्मिनल आहेत आणि प्रत्येकाचं गेट वेगळं. २०२४-२५ या वर्षात वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर या बंदरातून हलले. एवढ्या गर्दीत तुमचा एक ट्रेलर चुकीच्या गेटला गेला किंवा एका कागदावर सीलचा एक आकडा चुकला, तर रात्र जाते. जहाजाची कट-ऑफ वेळ मात्र कुणासाठी थांबत नाही. कट-ऑफ चुकली की कंटेनर पुढच्या जहाजावर, म्हणजे बहुतेकदा पुढच्या आठवड्यावर, आणि तोवर टर्मिनलच्या प्लगचं, म्हणजे मशीनला दिलेल्या विजेचं, भाडं चालू.

करळकडून जाताना जासई लागतं. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण त्या लढ्यातून आलं. तुमचा ट्रेलर त्याच मातीवरून जातो. मला त्या रस्त्याने जाताना दर वेळी वाटतं, की शेतकऱ्याने आपला हक्क कागदावर लिहून घ्यायचा असतो, हे इथल्या लोकांनी फार मोठी किंमत मोजून शिकवलंय.

कागदावर नोंद असण्याचं मोल कांदेवाल्यांना विचारा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. डिसेंबरच्या अधिसूचनेत एक सवलत होती. अधिसूचना निघण्यापूर्वी ज्यांचा माल कस्टमच्या ताब्यात देऊन त्यांच्या संगणकात नोंदला गेला होता, तो जाऊ दिला. कांदा सगळ्यांचा सारखाच, कष्टही सारखेच. ज्याची नोंद झाली होती तो समुद्रावर गेला, ज्याची व्हायची राहिली होती तो रांगेतून माघारी फिरला.

आता बी.एल.चं नीट सांगतो, कारण सगळ्या पत्राचा जीव त्यात आहे. हा एकच कागद तीन कामं करतो. माल मिळाल्याची ती पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा दस्त असतो. ज्याच्या हातात रीतसर मूळ बी.एल., त्याला तिकडे माल मिळतो. आपल्याकडे यासाठी १८५६ सालचा कायदा होता, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या बिल्स ऑफ लेडिंग कायद्याने घेतली. म्हणजे जमिनीला सातबारा तसं पाण्यावरच्या मालाला बी.एल. समजा. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढवून तुम्ही पीक घ्याल का?

बी.एल. दोन असू शकतात. जहाज कंपनी, जिला आम्ही 'लाइन' म्हणतो, ती देते ते मास्टर. त्यावर बहुतेक वेळा फॉरवर्डरचं नाव असतं. फॉरवर्डर त्याच्या आधारावर आपलं देतो ते हाऊस. मास्टरवर फॉरवर्डरचं नाव असणं गैर नाही, धंद्याची रीतच तशी आहे. पण मग हाऊसवर माल पाठवणारा म्हणून तुमच्या कंपनीचं नाव पाहिजे. त्यासाठी कंपनीचा स्वतःचा आय.ई.सी. म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो, अपेडाची नोंदणी लागते. आय.ई.सी. ऑनलाइन निघतो, त्यात अवघड काही नाही. तो नसला की शिपिंग बिल दुसऱ्याच्या नावाने निघतं, सरकारकडून परत मिळणारे करही त्याच्याच खात्यात जातात आणि तुम्ही किती निर्यात केली याचा पुरावा बँकेपुढे ठेवायला तुमच्याकडे काही राहत नाही. पाच-पाच वर्षं युरोपला माल पाठवलेल्या कंपनीला बँक विचारते, निर्यातीचा अनुभव किती? कागदोपत्री शून्य.

त्याहून मोठी गोष्ट 'सरेंडर'ची. मूळ बी.एल. खरेदीदाराकडे पोचून त्याने ते दाखवल्याशिवाय लाइनने माल सोडायचा नाही, असा मूळ नियम. पण आपल्याकडे द्राक्षाचा कंटेनर जहाजावर चढला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूळ बी.एल. इथेच परत देऊन टाकतात. लाइन तिकडे निरोप धाडते, माल मोकळा. कारण काय सांगतात? माल नाशवंत आहे, कागद वाटेत अडकला तर माल सडेल. मी तारखा मोजून सांगतो. सुएझमार्गेसुद्धा रॉटरडॅमला पोचायला तीन आठवड्यांच्या वर लागतात. कुरिअर आठवड्याच्या आत पोचतं. तीन आठवडे हातात असताना तिसऱ्या दिवशी हक्क सोडून द्यायची घाई कुणाच्या सोयीची आहे, याचा विचार तुम्ही करा. सगळेच खरेदीदार मूळ कागदावर पैसे द्यायला तयार होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. जुन्या, खात्रीच्या माणसाशी सरेंडरवर व्यवहार करायला हरकतही नाही. पण नवीन खरेदीदार असेल, तर ठरलेली रक्कम खात्यात आल्याशिवाय 'सरेंडर करा' या मेलला तुमच्या कंपनीने होकार देऊ नये. आणि तो होकार देण्याचा अधिकार तुमच्याकडे असायला बी.एल.वर तुमचंच नाव हवं. खरेदीदार बुडवेल अशी भीती असेल तर त्यासाठीही विमा आहे. ई.सी.जी.सी. ही सरकारी कंपनी १९५७ पासून हेच काम करते.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या एका गटाचा कंटेनर गेला. मधे कुठेतरी मशीन बिघडलं असावं. तिकडे दार उघडलं तेव्हा देठ वाळून तपकिरी, मणी मऊ, दारापासच्या पॅलेटवर बुरशी. फोटो आले. पट्टीत पुन्हा पॅकिंगचा खर्च, फेकलेल्या मालाचा खर्च, तिकडच्या प्लगचं भाडं लावलं होतं आणि शेवटी उलट शेतकऱ्यांकडूनच येणं निघत होतं. गटाचे चार जण आमच्याकडे आले. त्यांतले एक आजोबा होते, फेटा बांधलेले. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "कुणाकडे दाद मागायची ते सांगा, आम्ही जातो," एवढंच म्हणत होते.

लाइनकडे जावं तर करार त्यांच्याशी नव्हता, बी.एल.वर त्यांचं नावच नव्हतं. विमा काढला होता की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. आत तापमानाची नोंद ठेवणारा लॉगर ठेवला होता का? पॅकहाऊस म्हणालं ठेवला, तिकडून उत्तर आलं की सापडला नाही. आणि मुदत? बाहेरून न दिसणारं नुकसान माल मिळाल्यापासून तीन दिवसांत लाइनला लेखी कळवायचं असतं. नाही कळवलं तर माल चांगला पोचला असंच धरून चालतात आणि उलट शाबित करायचं ओझं आपल्यावर येतं. दावा लावायला एक वर्ष. यांना बातमी कळली तीच अडीच आठवड्यांनी. त्या कंटेनरचे कागद मी तयार केले होते. बी.एल.च्या मसुद्यात माल पाठवणाऱ्याच्या रकान्यात जे नाव आलं, ते मी मुकाट्याने टाइप केलं होतं. माझं काम तेवढंच होतं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. आजोबा निघून गेल्यावर ते मला पटेनासं झालं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला लॉगरचं सांगतो. आगपेटीएवढं यंत्र असतं ते. एक दारापासच्या पॅलेटमध्ये, एक मधोमध, आणि त्यांचे क्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहायचे. क्रमांक लिहिलेला लॉगर हरवला तर हरवल्याचा जाब विचारता येतो. खर्च एका बॉक्सच्या किमतीच्या आसपास. वाचवायची ती गोष्टच नाही.

विम्याबद्दल दोन शब्द. निदान तो कुणी काढलाय आणि पॉलिसीवर नाव कुणाचं आहे, एवढं विचारा. पण विमा काढला म्हणजे सगळं झाकलं गेलं असंही समजू नका. समुद्री विम्याच्या सर्वसाधारण अटींत निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवस रस्ता बंद. आपला ऐन हंगाम. मागे अडकलेल्या कंटेनरमधली द्राक्षं सहा दिवसांनी म्हातारी झाली, आणि 'उशीर' म्हटल्यावर पॉलिसी तिथेच संपते. खुद्द त्या जहाजावर ज्यांचा माल होता त्यांच्यावर आणखीच वेगळी वेळ आली. जहाज वाचवायला आलेला खर्च जहाजमालक आणि सगळे मालधनी यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा, असा समुद्रावरचा फार जुना नियम आहे; जनरल ॲव्हरेज म्हणतात त्याला. मालकाने तो लावला आणि हमी दिल्याशिवाय माल सुटेना. आपलं बॉक्स न् बॉक्स शाबूत असताना दुसऱ्याच्या जहाजाचा खर्च भरावा लागतो, हे ऐकून आपली माणसं थक्क होतात. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. नसेल तर तुमच्या कंपनीला रोख भरावी लागते.

मग तांबडा समुद्र. १९ नोव्हेंबर २०२३ ला हूथींनी 'गॅलेक्सी लीडर' जहाज पळवलं, हल्ले वाढले, आणि बहुतेक मोठ्या लाइननी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. केप ऑफ गुड होपवरून जायचं म्हणजे दहा-पंधरा दिवस जास्त. भाडं वाढलं, वर युद्धजोखमीचा अधिभार. द्राक्षाचं आयुष्य काही वाढलं नाही. त्या हंगामात ज्या पॅकहाऊसनी प्रीकूलिंगला दोन तास जास्त दिले, बुरशी रोखणारे ग्रेप गार्डचे पॅड चांगले वापरले आणि पावसात सापडलेला प्लॉट युरोपला पाठवायचं टाळलं, त्यांचा माल टिकला. बुकिंग करताना जहाज कोणत्या मार्गाने जाणार, वाटेत कुठे दुसऱ्या जहाजावर चढवणार आणि तिथे किती दिवस थांबणार, हे विचारायला शिका. कोलंबो किंवा सलालाच्या यार्डात चार दिवस उभं राहणं आणि सरळ जाणं, यांत भाड्याचा थोडा फरक असतो. देठाच्या रंगात फार मोठा असतो.

खर्चाच्या पट्टीचंही असंच. 'ऑल इन' म्हणून एकच आकडा दिला तर तो घेऊ नका. समुद्रभाडं वेगळं, टर्मिनलचं हाताळणी शुल्क वेगळं, बी.एल.ची फी, प्लग, ट्रेलर, जनसेट, कस्टमचं काम, सगळं ओळीओळीने मागा आणि लाइनच्या, टर्मिनलच्या पावत्यांच्या प्रती लावायला सांगा. ग्राउंड रेंट म्हणजे जागेचं भाडं, डिटेन्शन म्हणजे लाइनचा डबा जास्त दिवस वापरल्याचं. दोन्हींना आपले लोक सरसकट डेमरेज म्हणतात आणि दोनदा भरतात. फुकटचे दिवस किती, ते बुकिंगच्या वेळीच बोलून घेता येतं, नंतर कुणी ऐकत नाही. २०१० साल आठवत असेलच तुम्हाला. क्लोरमेक्वाटचा, म्हणजे आपल्या लिहोसिनचा, अंश सापडला म्हणून कंटेनर तिकडे अडकले. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. एकेक कंटेनर दिवसेंदिवस प्लगवर उभा, मीटर चालू, आणि ते सगळं फिरून बागायतदाराच्या गळ्यात. नंतर यादी सुधारली, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने आणि अपेडाने तपासणीची शिस्त बसवली, आज आपल्या द्राक्षाला तिकडे मान आहे. औषधाच्या बाबतीत आपण शिकलो. कागदाच्या बाबतीतही शिकू शकतो, एवढंच मला म्हणायचंय.

काही संचालक म्हणतील, एवढे प्रश्न विचारले तर निर्यातदार आमचा माल उचलणारच नाही. ही भीती खोटी नाही. एकट्या कंपनीला असं उत्तर मिळतंही. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिलंय. एका तालुक्यातल्या पाच कंपन्यांनी मिळून सांगितलं, की बी.एल.चा मसुदा आम्ही पाहिल्याशिवाय पक्का करायचा नाही, हाऊस बी.एल.वर आमचं नाव आणि आमच्या लेखी होकाराशिवाय सरेंडर नाही, तर हो म्हणणारा फॉरवर्डर मिळतो. वर्षाला साठ-सत्तर कंटेनरचं काम कुणी सोडत नाही. मसुदा मागायला लाजू नका. जहाज सुटायच्या आसपास तो तुमच्या मेलवर येतो, एका पानाचा असतो. त्यात पाच गोष्टी वाचा: पाठवणारा, घेणारा, कंटेनर आणि सीलचा क्रमांक, तापमानाचं सेटिंग, भाडं कुणी भरायचं. उणे अर्धा डिग्रीच्या जागी अधिक अर्धा छापलेला मसुदा मी स्वतः पकडलेला आहे. एका चिन्हाचा फरक होता.

पहिल्या पानावरच्या त्या ताईंनी या वर्षी कंपनीचा आय.ई.सी. काढला. गेल्या पट्टीचे पैसे काही त्यांना परत मिळाले नाहीत. यंदा दोनच कंटेनर पाठवायचे, पण आपल्या नावाने, असं त्यांच्या सभेत ठरलंय. त्या डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी चार सभासदांना घेऊन उरणला येणार आहेत. टर्मिनलच्या आत आपल्याला जाता येत नाही, पण रिकाम्या कंटेनरच्या यार्डात मी परवानगी घेऊन ठेवली आहे. रिफर उघडून, मशीन चालू करून, ते दोन आकडे आणि ती लाल रेघ दाखवतो. मग ऑफिसात बसून एक खरं बी.एल. ओळीओळीने वाचू. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर ताईंच्या कंपनीकडे निरोप द्या. पहाटे लवकर निघा, भिवंडीच्या पुढे गर्दी लागते. आणि येताना मागच्या हंगामाची फाइल बरोबर आणा.

आपला,
न्हावा शेव्याला कागद करणारा, निफाडचा एक शेतकरी